रिकाम्या धरणांची राखण

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहराच्या उत्तर भागात अडोबी नावाचे एक मातीचे धरण आहे. धरणाच्या वरच्या अंगाला जेथे जलाशय असायला हवा, तेथे गोल्फचे मैदान आहे, छोट्या शर्यतीच्या गाड्यांचा ट्रॅक आहे, खेळण्यातली विमाने उडवण्यासाठी मोकळा माळ आहे. हौशी मंडळींनी अरुंद रुळांचे जाळे अंथरले आहे आणि त्यावर वाफेची छोटी इंजिने माणसांना बसवून फिरवतात. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन आलेले कुटुंब धरणाच्या पोटात उभे असते, पण आजूबाजूला पाहून ते ओळखू येणे कठीण.

महाराष्ट्रातील माणसाला हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे धरण म्हटले की ऑगस्टमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘किती टक्के भरले?’ जायकवाडी भरले की मराठवाड्याच्या जिवात जीव येतो. खडकवासल्याच्या साखळीतला साठा पुण्याच्या वर्तमानपत्रात रोज छापून येतो. अडोबीचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. ते जितके रिकामे, तितके कामाला सज्ज. पाणी साठवणे हे त्याचे काम नाही. अंगावर आलेला लोंढा काही काळ रोखून धरायचा, शहराला सोसेल इतकाच खाली सोडायचा आणि पुन्हा रिकामे होऊन पुढच्या लोंढ्याची वाट पाहायची, एवढेच त्याचे काम. आजच्या व्याख्यानाचा विषय अशी रिकामी धरणे आणि त्यांच्या आडोशाला वसलेली वाळवंटी शहरे हा आहे. अशा धरणाला सर्वांत मोठा धोका पाण्यापासून असतो की विस्मरणापासून, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहे.

वाळवंटात पूर कसला, अशी शंका येणे साहजिक आहे. फिनिक्सला वर्षभरात सरासरी 180 ते 200 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडच्या दुष्काळी माणदेशातही याहून बराच जास्त पडतो. पण यातला बराचसा पाऊस रिमझिम पडत नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये वादळी ढग येतात आणि तास-दोन तासांत कोसळून निघून जातात. डोंगर उघडेबोडके, झाडोरा विरळ, माती उन्हाने भाजून कडक झालेली आणि कित्येक ठिकाणी तिच्याखाली चुन्याचा दगडासारखा थर. पाणी मुरायला जागाच नसते. ते उतारावरून धावत सुटते, आणि वर्षातले बहुतेक दिवस कोरडे पडलेले वाळूचे ओढे तासाभरात दुथडी वाहू लागतात. 8 सप्टेंबर 2014 रोजी फिनिक्समध्ये एका दिवसात सुमारे 84 मिलिमीटर पाऊस झाला. शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींतला हा एका दिवसाचा उच्चांक होता. वर्षाच्या सरासरीचा चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एका दिवसात पडला आणि शहरातल्या महामार्गावर गाड्या छतापर्यंत बुडाल्या. भारतातही हे घडले आहे. ऑगस्ट 2006 मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात कवास आणि आसपासची गावे पुरात गेली. जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी मुरेना आणि वाळवंटात कित्येक आठवडे तळी साचून राहिली.

फिनिक्सने हा धडा 1921 च्या ऑगस्टमध्ये घेतला. तेव्हा शहराची वस्ती जेमतेम 29 हजार होती. उत्तरेच्या डोंगरातून येणाऱ्या केव्ह क्रीक या ओढ्याला लोंढा आला, वाटेतला ॲरिझोना कालवा त्याने पार केला आणि पाणी शहराच्या पश्चिम भागात पसरत थेट राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत शिरले. सरकार जेथे बसते तेथेच पाणी आले, त्यामुळे निर्णयाला वेळ लागला नाही. शहर, काउंटी, कालव्याचे पाणी वापरणारे शेतकरी आणि रेल्वे कंपनी यांनी वर्गणी काढावी तसा खर्च वाटून घेतला आणि 1923 मध्ये केव्ह क्रीक धरण उभे राहिले.

ते बांधणारा जॉन ईस्टवुड हा कॅलिफोर्नियाचा अभियंता होता आणि स्वतःच्या कल्पनेला वाहून घेतलेला माणूस होता. भल्यामोठ्या वजनाच्या जोरावर पाणी अडवणारी भिंत त्याला पैशाची नासाडी वाटे. त्याऐवजी पाण्याच्या बाजूला कललेल्या पातळ सिमेंट-काँक्रीटच्या कमानी ओळीने उभ्या करायच्या आणि त्यांचा भार मधल्या टेकूभिंतींवर द्यायचा, ही त्याची रीत. कॅलिफोर्नियातील ह्यूम लेक येथे 1909 मध्ये त्याने असे पहिले धरण बांधून दाखवले होते. काँक्रीट कमी लागे, खर्च कमी येई. पण त्या काळच्या नामांकित सल्लागारांना ही सडपातळ धरणे पसंत नव्हती. धरण भक्कम असून भागत नाही, ते लोकांना भक्कम दिसलेही पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. केव्ह क्रीकसारख्या हात आखडता असलेल्या कामाला मात्र ईस्टवुडच हवा होता. धरण पूर्ण झाल्यावर पुढच्याच वर्षी, 1924 मध्ये, तो किंग्ज नदीत बुडून वारला. त्याच्या कमानी आजही जागेवर उभ्या आहेत.

पूर येण्यापुरतेच धरण ही कल्पना तेव्हा नवीन होती, पण निराधार नव्हती. ओहायो राज्यातील डेटन शहर मार्च 1913 च्या पुरात उद्ध्वस्त झाले. नागरिकांनी स्वतः निधी उभा केला आणि आर्थर मॉर्गन या अभियंत्याच्या देखरेखीखाली 1922 पर्यंत पाच धरणे बांधली. एकाही धरणाच्या पुराच्या वाटेवर दरवाजा नव्हता. मॉर्गनने हे जाणूनबुजून केले. दरवाजा असला की तो केव्हा उघडायचा हे ठरवणारा माणूस लागतो, त्या माणसावर दबाव येतो आणि आज ना उद्या कोणी तरी म्हणतेच की एवढे पाणी आहे तर थोडे साठवून ठेवू या. साठवले की पुढच्या पुराला जागा उरत नाही. मॉर्गनच्या धरणांना पायाशी फक्त कायमची उघडी भोके आहेत.

वाड्यातल्या न्हाणीघराची मोरी आठवा. घंगाळ एकदम उलथले तरी भोकातून पाणी आपल्या चालीनेच जाते; बाकीचे मोरीत तुंबते आणि हळूहळू ओसरते. पूरनियंत्रणाचे कोरडे धरण याच तत्त्वावर चालते. 1979 च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने ईस्टवुडच्या धरणाच्या थोडे खाली केव्ह ब्यूट्स नावाचे मोठे मातीचे धरण बांधून पूर्ण केले, कारण वाढत्या शहराला जुने अपुरे पडू लागले होते. केव्ह ब्यूट्सची क्षमता आपल्या हिशेबात सुमारे दोन टीएमसी, म्हणजे जवळपास खडकवासल्याइतकी. पायाशी असलेल्या नळातून मात्र साधारण पाचशे क्युसेकच्या आसपासच पाणी बाहेर पडते. डोंगरातून हजारो क्युसेकचा लोंढा आला तरी खालच्या शहराला तेवढेच मिळते. धरण काठोकाठ भरले, तर ते रिकामे व्हायला काही आठवडे लागतील.

अडोबी, केव्ह ब्यूट्स, न्यू रिव्हर आणि ड्रीमी ड्रॉ ही चार धरणे अभियांत्रिकी दलाने फिनिक्सच्या उत्तर बाजूला 1970 आणि 1980 च्या दशकांत उभी केली. शहर तोवर ओळखू येणार नाही इतके बदलले होते. 1950 मध्ये वस्ती 1 लाख 7 हजार होती. दहा वर्षांत ती 4 लाख 39 हजारांवर गेली. 2020 च्या जनगणनेत ती 16 लाखांच्या पुढे होती. मोसमी लोंढ्यांची जी वाट होती तिच्यावर सरळ रेषांचे रस्ते आणि घरांच्या रांगा आल्या. घर घेणाऱ्याला ओढा दिसत नाही, कारण ओढ्यात पाणी नाही. पाणी नाही, कारण वर धरण आहे. आणि धरणही दिसत नाही, कारण ते दुरून एखाद्या टेकाडासारखेच वाटते.

ड्रीमी ड्रॉ धरणाबद्दल फिनिक्समध्ये एक लोककथा आहे. 1947 मध्ये येथे परग्रहावरची उडती तबकडी कोसळली आणि तिचे अवशेष दडपून टाकण्यासाठी सरकारने वर धरण बांधले, असे सांगतात. धरण 1973 चे, म्हणजे तबकडी पाव शतक तशीच पडून राहिली असली पाहिजे. पण कथेचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. लोकांनी वर्षानुवर्षे त्या भिंतीला पाणी लागलेले पाहिले नाही. मग हा एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर त्यांनी आपल्या परीने शोधले. जे धरण आपले काम नीट करते, ते का बांधले हेच लोक विसरतात. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी 1945 मध्येच आपल्या प्रबंधात दाखवून दिले होते की पूरसंरक्षण उभे राहिले की त्याच्या भरवशावर पूरक्षेत्रात आणखी वस्ती येते. बांधकाम मोडले, तर नुकसान पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे होते.

यावर एक वेगळे उत्तर फिनिक्सच्या शेजारीच सापडते. स्कॉट्सडेल शहरातून इंडियन बेंड वॉश हा पुराचा ओढा जातो. अभियंत्यांनी तेथे खोल काँक्रीटचा कालवा सुचवला होता. गावकऱ्यांनी तो नाकारला. त्याऐवजी ओढ्याचे पात्र मोकळे ठेवून त्यात मैलोन् मैल हिरवळ, तळी, खेळाची मैदाने आणि सायकलची वाट केली. पूर आला की बागेत पाणी येते, दोन-चार दिवसांनी लोक चिखल काढतात आणि पुन्हा खेळायला येतात. धरणाच्या पोटातले गोल्फचे मैदान आणि ओढ्यातली ही बाग यांमागचा विचार एकच आहे: पाण्याची जागा माणसाने वापरावी, पण तेथे झोपू नये. आपल्याकडच्या निळ्या आणि लाल पूररेषांचा हेतूही याहून वेगळा नाही. त्या नकाशावर आखल्या जातात. जमिनीवर त्यांचे काय होते, हे नदीकाठच्या प्रत्येक शहराला ठाऊक आहे.

रिकामे धरण सांभाळणे भरलेल्यापेक्षा सोपे, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ते अधिक नाजूक काम आहे. भरलेल्या धरणात पाझर वाढला की तो पायथ्याशी दिसतो, मोजता येतो. कोरड्या धरणात पाझरायला पाणीच नसते. वर्षानुवर्षे उन्हात वाळून मातीचा भराव आकसतो आणि भिंतीला आडव्या भेगा पडतात, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून शहराच्या बाजूकडे जाणाऱ्या. माथ्यावर अशी भेग बोटभरही रुंद दिसत नाही. धूळ आणि खडी तिच्यावर बसते. पण वीस वर्षांनी एका रात्री धरण पहिल्यांदा अर्धे भरले, की पाणी नेमकी तीच वाट शोधते, कडेची माती वाहून नेते आणि भेगेचे भगदाड होते. जमिनीत बिळे करणारे प्राणी आणि खोल मुळांची झुडपे यांचाही असाच उपद्रव असतो. म्हणून तपासनीस माथ्यावरून पायी चालतात, भेगा शोधतात, झुडपे उपटतात, बिळे बुजवतात. काही धरणांत भरावाच्या मध्यभागी वाळू-खडीचा उभा गाळण थर नव्याने घातला आहे, जेणेकरून भेगेतून पाणी शिरले तरी माती वाहून जाऊ नये.

फिनिक्सच्या भवतालच्या मैदानात आणखी एक संकट आहे, ते मानवनिर्मित. शेतीसाठी पिढ्यान् पिढ्या भूजल उपसले, त्यामुळे जमीन खचली आणि तिला लांबच लांब चिरा पडल्या. ल्यूक हवाई तळाच्या रक्षणासाठी 1950 च्या दशकात मॅकमिकेन हे लांबलचक मातीचे धरण बांधले. पुढे त्याच्या एका टोकाजवळ अशा चिरा आढळल्या आणि धरणाचा तो भाग बाजूला हलवून नव्याने बांधावा लागला. काउंटीचा पूरनियंत्रण विभाग 1959 पासून हे सारे सांभाळतो. त्यासाठी कर आहे, तपासणीचे वेळापत्रक आहे, शेकडो स्वयंचलित पर्जन्यमापके आहेत आणि त्यांचे आकडे कोणाही नागरिकाला पाहता येतात. या कामाला कोणी फीत कापायला येत नाही. तरीही ते होत राहते, हे त्या व्यवस्थेचे मोठेपण.

काम थांबले तर काय होते, हे जॉर्डनमधील पेट्रा सांगते. नबाती लोकांची ही राजधानी डोंगराच्या कुशीत होती आणि तिचा दरवाजा म्हणजे सिक नावाची एक अरुंद, उंच कड्यांची खिंड. हीच खिंड वादी मूसा या ओढ्याच्या पुराचीही वाट. नबातींनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खिंडीच्या तोंडाशी बांध घातला आणि बाजूच्या डोंगरातून बोगदा कोरून पाणी दुसऱ्या दरीत वळवले. माणसे कोरड्या पायांनी शहरात शिरू लागली. पुढे शहर ओस पडले, राखणदार गेले, बांध मोडला, गाळ साचला. 1963 च्या एप्रिलमध्ये खिंडीत शिरलेल्या अचानक लोंढ्यात वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यानंतर नबातींच्याच जागी नवा बांध घातला गेला आणि त्यांचा बोगदा पुन्हा कामाला लागला.

पेट्राच्या बांधाची राखण थांबायला एक संस्कृती लयाला जावी लागली. लिबियातील दर्नामध्ये तेच काही दशकांत घडले.

दर्ना हे भूमध्य समुद्राच्या काठावरचे, मागे वाळवंटाकडे उतरत जाणारे डोंगर असलेले शहर. वादी दर्ना हे बहुतेक काळ कोरडे असणारे पात्र शहराच्या मधोमध जाते. विसाव्या शतकात तेथे अनेकदा विनाशकारी पूर आले, म्हणून 1970 च्या दशकात युगोस्लाव्ह कंपनीकडून वादीवर दोन धरणे बांधून घेतली. वरचे अबू मन्सूर, 75 मीटर उंच, शहरापासून सुमारे 13 किलोमीटर; खालचे अल-बिलाद, 45 मीटर, शहराला जवळजवळ लागून. दोन्ही दगडमातीच्या भरावाची. त्यांनी 1986 चा मोठा पूर पेलला, पण नुकसान सोसले. धरणांना भेगा असल्याचे 1990 च्या दशकाच्या अखेरीसच निदर्शनास आले होते. 2007 मध्ये एका तुर्की कंपनीला दुरुस्तीचे काम दिले; ते 2010 च्या अखेरीस सुरू झाले आणि काही महिन्यांतच 2011 च्या उठावाने थांबले. त्यानंतर देश दोन सरकारांत विभागला गेला. ओमर अल-मुख्तार विद्यापीठातील जलतज्ज्ञ अब्देलवानिस अशूर यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, धरणांची देखभाल तातडीने झाली नाही तर मोठ्या पुरात शहरावर आपत्ती ओढवेल, असे स्पष्ट लिहिले होते.

10 सप्टेंबर 2023 च्या रात्री डॅनिएल वादळ आले. जवळच्या अल-बैदा येथे चोवीस तासांत 414 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. दर्नातल्या लोकांना कोणी घर सोडा म्हणाले, कोणी घरातच थांबा म्हणाले. 11 तारखेच्या पहाटेपूर्वी वरचे धरण फुटले, त्याचे पाणी खालच्यावर आले आणि तेही गेले. वादीच्या दोन्ही काठांवर, धरणांच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती माणसांसह समुद्रात गेल्या. चार हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली आणि आणखी हजारो माणसे बेपत्ता राहिली. दुरुस्ती झाली असती तर ही धरणे एवढा पाऊस पेलू शकली असती का, याविषयी अभियंत्यांत मतभेद आहेत. ते मतभेद महत्त्वाचे आहेत, पण त्यांनी जबाबदारी पुसली जात नाही. धोका ठाऊक होता, लिहून ठेवलेला होता, आणि लोकांना केव्हा, कोणत्या वाटेने, कोठे न्यायचे याची तालीम कधीच झाली नव्हती. जुलै 2024 मध्ये दर्नाच्या न्यायालयाने 12 आजी-माजी अधिकाऱ्यांना 9 ते 27 वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

आपले हवामान वेगळे, धरणे वेगळी. पण 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा तेथील गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती, आणि वीसच्या आसपास माणसे त्यात गेली. धरण लहान असो की मोठे, तक्रार ऐकणारा कान आणि रात्री दार ठोठावणारा माणूस या दोन गोष्टी भिंतीइतक्याच धरणाचा भाग आहेत. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे ही जबाबदारीही इतरांपेक्षा आपल्यावर जास्त.

ती पार पाडायला आता कायद्याचा आधार आहे. धरण सुरक्षा कायदा 2021 लागू झाला तो 30 डिसेंबर 2021 रोजी. 15 मीटरहून उंच असलेल्या आणि काही अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना तो लागू आहे. आधीच बांधलेल्या अशा प्रत्येक धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा मालकाने, म्हणजे बहुतांश ठिकाणी राज्य शासनाने, पाच वर्षांच्या आत तयार करणे बंधनकारक आहे. धरण फुटले तर पाणी किती वेळात कोठवर पोहोचेल, कोणत्या वस्त्या आधी हलवायच्या, निरोप कोणी कोणाला द्यायचा, हे त्यात असले पाहिजे.

येथे जमलेल्या प्रत्येकाने घरी गेल्यावर आपल्या गावाच्या वरच्या अंगाला कोणते धरण आहे हे शोधावे. मग ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन त्याचा आराखडा पाहायला मागावा. मिळाला तर आपल्या आळीचे नाव त्यात आहे का ते तपासावे. नसला तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आराखडा तयार करण्याची मुदत डिसेंबर 2026 अखेरची आहे.